रोजचा ताण आणि त्याचे वाटेकरी

रोजचा ताण हा अभ्यासाचा विषय असू शकतो, असे आपल्याकडे चटकन कुणाच्या मनात येत नाही. पावसाचा अभ्यास असतो, कांद्यावरच्या करप्याचा असतो, रक्तातल्या साखरेचा असतो. ताण मात्र संसाराबरोबर आलेला आणि संसाराबरोबरच जाणारा मानला जातो. ज्या वाचकांनी कुतूहलाने हा विषय हाती घेतला आहे त्यांचे स्वागत आहेच. पण ज्यांच्या मनात थोडी अढी आहे, त्यांचे अधिक अगत्याने स्वागत करावेसे वाटते. त्यांची शंका बहुधा एकच असते. ताणतणाव, समुपदेशन ही शहरातल्या कचेऱ्यांतली दुखणी. ज्याने दुष्काळ काढले त्याला त्यांचे काय? ही शंका बाजूला सारण्यासारखी नाही. तिचा माग काढत गेले की आपण विषयाच्या गाभ्याशीच पोहोचतो.

१९६७ साली लंडनमध्ये ब्रिटिश सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. जबाबदाऱ्यांनी वाकलेल्या वरिष्ठांना हृदयविकार अधिक होत असणार, हा तेव्हाचा सर्वमान्य समज होता. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले ते उलटे. हुद्द्याच्या उतरंडीत माणूस जितका खाली, तितके हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जास्त. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरेंचा हिशेब वजा केला तरी बराचसा फरक शिल्लक राहिला. ताण ही सुखवस्तूंची चैन आहे, ही समजूत तिथेच मोडली. ज्याच्या हाती निर्णय कमी आणि डोक्यावर हुकूम जास्त, त्याच्या शरीरावर रोजच्या ताणाचा ओरखडा अधिक खोल उमटतो. मग हा विषय कचेरीइतकाच शिवाराचा ठरतो, आणि आपल्या जिल्ह्याला त्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

२०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. बोलताना आपण अजून 'नगर'च म्हणतो. सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा आणि चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. पश्चिमेला अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस थांबता थांबत नाही, आणि पूर्व-दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतचा माणूस आभाळाकडे पाहून पेरणीचा जुगार खेळतो. भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवराकाठी ऊस उभा राहिला, लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून दसरा-दिवाळीनंतर माणसे बिऱ्हाड गाडीत भरून ऊस तोडायला बाहेर पडतात. एकाच्या घरी तोड कधी येईल याचा घोर, दुसऱ्याच्या घरी उचल कधी फिटेल याचा. ताणालाही हंगाम असतो, हे समजून घ्यायला याहून चांगला नकाशा सापडणे कठीण.

वाचकांनी सुरुवात शरीरापासून करावी, असे मी सुचवीन. मनापासून सुरुवात केली की लोक लगेच स्वभावाच्या गोष्टी करू लागतात, कोण हळवा आणि कोण खंबीर याचा निवाडा सुरू होतो. शरीर असा भेद करत नाही. अकोले, संगमनेर, राहुरी या भागात बिबट्या उसात राहतो. अकोल्याच्या शिवारात विद्या अत्रेय यांनी केलेल्या पाहणीत दर शंभर चौरस किलोमीटरमागे सरासरी पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले होते, तेही जंगल म्हणावे असे फारसे काही नसलेल्या मुलखात. आता रात्रपाळीची वीज आली म्हणून दीड-दोन वाजता दारे धरायला गेलेल्या माणसाची कल्पना करा. हातात बॅटरी, पायाखाली ओली सरी, आणि बाजूच्या फडात पाचट खसखसते. त्या क्षणी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय थंड पडतात, पोटात गोळा येतो, कान टवकारतात. यातले काहीच त्याने ठरवून केलेले नसते. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींनी अ‍ॅड्रिनलिन सोडलेले असते, पचनाकडचे रक्त स्नायूंकडे वळलेले असते, यकृताने साठवणीतली साखर मोकळी केलेली असते. लढा किंवा पळा, या दोन्हींची तयारी एका दमात झालेली असते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या तयारीचा उलगडा केला. ही तयारी म्हणजे बिघाड नव्हे. आपले पूर्वज तिच्यामुळेच वाचले.

खसखस थांबते, माणूस घरी येतो, पाणी पितो, अर्ध्या-पाऊण तासात शरीर पूर्वपदावर येते. अडचण सुरू होते ती बिबट्या निघून न जाता घरातच मुक्कामाला राहतो तेव्हा. सोसायटीचा हप्ता, मुलीचे ठरत नसलेले लग्न, पोराची तिसऱ्यांदा हुकलेली भरती, सासऱ्यांचे डायलिसिस: यांच्यावर झडप घालता येत नाही आणि यांच्यापासून पळताही येत नाही. शरीराला मात्र फरक कळत नाही, ते तीच तयारी करून बसते. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण लिहिले. त्यात त्यांनी दाखवले की उंदरांना थंडी, इजा, विष असे कोणतेही वेगवेगळे त्रास दिले तरी शरीराची प्रतिक्रिया ठरावीक साच्यात येते, आणि त्रास लांबला की ती शेवटी ढेपाळते. विहिरीला पाणी असताना मोटार चालली तर रान भिजते. पाणी आटल्यावरही ती चालूच राहिली तर जळते. कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य सकाळी वाढते आणि रात्री उतरते, हा निरोगी शरीराचा क्रम. सततच्या काळजीत तो विसकटतो. मग झोप तुटते, रक्तदाब चढतो, साखर चढते, आणि माणूस दवाखान्यात जाऊन सांगतो की डोके जड आहे, अंगातून वाफा निघतात, हातापायांना मुंग्या येतात. आपल्याकडे काळजी पुष्कळदा अशी अंगाच्या भाषेत बोलते. घरातल्या कुणी असे काही सांगितले तर ते थोतांड समजू नये, एवढे जरी वाचकांनी या प्रस्तावनेतून घेतले तरी मला समाधान वाटेल.

शरीरानंतर विचाराकडे वळावे. घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारात कांद्याचा लिलाव चाललेला असतो. दोघा शेतकऱ्यांचा माल एकाच प्रतीचा, भाव एकच पुकारला जातो, हाती पडणारी पट्टीही जवळपास सारखीच. एक जण पट्टी खिशात घालून चहाच्या गाड्याकडे वळतो, दुसरा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून तासभर सुन्न बसून राहतो. पहिल्याकडे चाळीत अजून माल आहे, भाऊ नोकरीला आहे. दुसऱ्याच्या मनात चक्र सुरू झालेले असते की आता घर बसले, आता गावात तोंड दाखवायला जागा नाही, आपल्याला काही जमतच नाही. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली नेमके हेच मांडले. ताण केवळ घटनेत नसतो आणि केवळ माणसातही नसतो. समोर काय उभे आहे आणि त्याला तोंड द्यायला आपल्यापाशी काय आहे, या दोन अंदाजांच्या ताळमेळात तो असतो.

यांतल्या विचाराच्या बाजूवर मराठीत फार चांगले काम झाले आहे, याचा आपण अभिमान बाळगावा. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली, ती मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठी वाचकांपर्यंत आणली. 'भाव मिळायला हवा' या इच्छेचे 'भाव मिळालाच पाहिजे, नाहीतर मी नालायक' या हट्टात रूपांतर कसे होते, हे त्यातून स्वच्छ दिसते. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, आणि हा विचार शाळा, कारखाने, पोलीस ठाणी यांच्यापर्यंत नेला. त्याआधीचा धागा शोधायचा तर तो आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला सापडतो. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिच्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलपणावर अभ्यासाचा उपाय सविस्तर येतो. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे, हा अर्थ आधुनिक मानसोपचारालाही पटेल. मात्र ज्ञानेश्वरीत आजचे मानसशास्त्र जसेच्या तसे सापडते, असा दावा करायचा मोह वाचकांनी टाळावा. दोन्हींचे हेतू वेगळे आहेत आणि दोन्हींचा मान वेगवेगळा राखलेला बरा.

इथवर आलेल्या वाचकाला एक धोका संभवतो. विचार बदलला की ताण गेला, असे सोपे सूत्र हाताशी लागल्यासारखे वाटते. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिली. त्या हिवाळ्यात चाळीजवळ उभ्या असलेल्या माणसाला 'दीर्घ श्वास घ्या' असे सांगणे हा मला त्याचा अवमान वाटतो. श्वासाचा उपयोग आहे, त्याकडे पुढे येईनच. पण धोरणातून आलेला ताण श्वासाने फिटत नाही. ताण कुठून आला हे न विचारता तो कसा सोसावा हेच शिकवणारे पुष्कळ लिखाण बाजारात आहे. ते वाचताना सावध राहावे.

या टप्प्यावर रॉबर्ट कारासेक यांची १९७९ मधली मांडणी फार उपयोगी पडते. कामाचा रेटा किती, आणि त्या कामात स्वतःचे किती चालते, या दोन मापांनी त्यांनी ताण मोजला. रेटा मोठा आणि हाती काही नाही, हे जुळून आले की प्रकृती ढासळते. पुढच्या संशोधकांनी तिसरे माप जोडले, ते सोबतीचे: अडचणीला धावून येणारे कोणी आहे का? हे तीनही निकष ऊसतोडीच्या फडात लावून पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती बहुतेक घरखर्चात, लग्नात, औषधात संपलेली. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, कोपीपुढच्या चुलीवर भाकरी थापते, उजाडण्याआधी फडात पोहोचते, दिवसभर तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि गाडी रात्री अकराला आली तरी ती भरायला उभी राहते. ताप आला म्हणून एक दिवस बसली तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. रेटा पुरेपूर आहे. आपले किती चालते? तिच्या उठण्याची वेळसुद्धा तिच्या हातात नाही. सोबत तेवढी आहे: शेजारच्या कोपीतली जाऊ किंवा गाववाली, जिच्या भरवशावर तान्हे मूल फडाच्या कडेला सोडता येते. ताणाचा अभ्यास करणाऱ्याने त्या शेजारच्या कोपीकडे नीट पाहावे. या बाईच्या जगण्यात तेवढा एकच आधार असतो, आणि अधिकृत कागदात तो कुठेच नोंदलेला नसतो.

उसाचाच विषय निघाला म्हणून आणखी एका संशोधनाचा उल्लेख करतो. तमिळनाडूतल्या छोट्या ऊस उत्पादकांची काढणीआधी आणि काढणीनंतर बुद्धीची कसोटी घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली 'सायन्स'मध्ये आले. माणसे तीच, कसोटीही तशीच. हातात पैसा नसलेल्या आधीच्या महिन्यांत त्यांची कामगिरी उतरलेली होती, आणि पैसे आल्यावर तीच माणसे अधिक चांगली उत्तरे देत होती. या अभ्यासावर पुढे आक्षेपही घेतले गेले, तेही वाचावेत. तरी त्यातली दिशा मला महत्त्वाची वाटते. तंगीतला माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून त्याला बोल लावण्याआधी, त्याच्या डोक्यातली किती जागा हप्त्याने अडवली आहे ते पाहायला हवे.

आता दोन ठिकाणांबद्दल जरा सावकाश बोलावेसे वाटते. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली आहेत, आणि या विषयाच्या दोन टोकांवर उभी आहेत.

पहिले ठिकाण भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून डांबले गेले. पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' इथेच १९४४ मध्ये लिहिला आणि मोकळ्या वेळात ते बागकाम करीत, हे आपण शाळेपासून ऐकतो. ताणाच्या अभ्यासकाने मात्र मौलाना अबुल कलाम आझाद यांची किल्ल्यातली पत्रे वाचावीत. तेव्हा धाडायची सोय नसलेली ही पत्रे पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ साली ग्रंथरूपाने आली. आझाद पहाटे उठत, स्वतःचा चहा स्वतः करीत, ठरल्या वेळी लिहायला बसत. १९४३ च्या वसंतात कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम गंभीर आजारी पडल्या. बातमी कळायची ती वृत्तपत्रातून किंवा तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडून. त्या दिवसांबद्दल त्यांनी जे लिहिले आहे त्यात ताणाचे सारे शरीरशास्त्र आहे. वृत्तपत्र घेऊन येणाऱ्याची पावले दाराशी वाजली की काळीज धडधडू लागे. चेहऱ्यावर मात्र ते काही दिसू देत नसत. पाठ दाराकडे, लेखणी चालूच, खुणेने कागद टेबलावर ठेवायला सांगायचे आणि जणू घाई नाही अशा थाटात काही वेळ जाऊ द्यायचा. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे अर्ज केला नाही. एप्रिलमध्ये पत्नी गेल्याची बातमी आली.

या पत्राचे मोल त्यातल्या धीरोदात्तपणात नाही. आझाद स्वतःच कबूल करतात की तो शांतपणा म्हणजे स्वाभिमानाने वठवलेली भूमिका होती, आणि आतून शरीर आपली किंमत वसूल करत होते. इतक्या मोठ्या माणसाने, इतक्या मोठ्या लढ्याच्या मध्यात, पावलांच्या आवाजाने आपली छाती कशी धडधडत होती हे लिहून ठेवले. निकालाची, तपासणीच्या रिपोर्टची, बँकेच्या फोनची वाट पाहताना तुमचे असे झाले असेल, तर तो तुमचा दुबळेपणा नव्हे. दिनक्रम धरून ठेवल्याने माणूस कोसळण्यापासून वाचतो, हेही त्या पत्रांतून कळते. आणि ज्याच्याजवळ मन उघडे करता येईल असा एक वाचक, तो दूर असला तरी, किती लागतो हेही कळते. पत्र पोहोचणार नाही हे ठाऊक असूनही ते लिहीत राहिले.

दुसरे ठिकाण जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तिथे आले. लोकांनी औषधाआधी मागितले ते पाणी आणि अन्न, म्हणून १९७२ च्या दुष्काळात त्यांनी कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेतले. मग गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात झाली. यातल्या बहुतेक निरक्षर, पुष्कळ जणी दलित वस्त्यांतल्या, काही टाकलेल्या किंवा विधवा. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, एका पंगतीत जेवत, शिकत आणि बोलत. स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचीही सवय नसलेल्या बाया वर्षा-दोन वर्षांत गावात बाळंतपणे करू लागल्या. संस्थेच्या नोंदींप्रमाणे सुरुवातीला त्या भागात हजारी सुमारे १७६ तान्ही मुले पहिल्या वर्षातच दगावत, म्हणजे जवळपास सहातले एक. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण तिशीच्या आत आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर हे काम शिकायला जामखेडला येऊ लागले.

याचा ताणाशी काय संबंध, असे वाचकांनी अवश्य विचारावे. सहातले एक मूल जाणार हे गृहीत धरून जगणाऱ्या आईच्या मनावरचा भार कोणत्याही समुपदेशनाने हलका झाला नसता. तो हलका झाला ओआरएसच्या पाण्याने, लसीने, स्वच्छ हातांनी झालेल्या बाळंतपणाने, आणि मध्यरात्री हाक मारली तर येणारी बाई गल्लीतच राहते या भरवशाने. जामखेडच्या परिसरातल्या स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मनाच्या स्वास्थ्याबद्दल विचारले असता बायका उपचारांपेक्षा वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलल्या: नवऱ्याचे वागणे, मारहाण नसणे, हातात थोडा स्वतःचा पैसा, घराबाहेर पडायची मोकळीक, महिला मंडळातले बसणे-उठणे. कारासेक यांची तीनही मापे या बायकांनी आपल्या शब्दांत सांगितली आहेत. त्यांनी कारासेक वाचलेले नव्हते, आणि माझ्या मते त्यांची मांडणी अधिक भरीव आहे.

हाच विचार पुढे इतरत्रही रुजला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' हा प्रयोग केला. त्यात गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे आणि आधार देण्याचे शिक्षण मिळाले. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. जागतिक आरोग्य संघटनेनेही सामान्य कार्यकर्त्याला पाच भेटींत वापरता येईल अशी पद्धत तयार केली आहे. या सगळ्याच प्रयोगांत ऐकणारा माणूस जवळचा, ओळखीचा आणि थोडा शिकवून तयार केलेला असतो.

हे झाले विषयाचे क्षेत्र. आता तुम्ही स्वतः यात शिरायचे कसे? पुस्तकाआधी एक आठवडा स्वतःचा वाचावा. एक वही घ्या. रोज रात्री दोन-चार ओळींत लिहा: आज अंगात ताण कुठे जाणवला, मानेत, पोटात की छातीत, त्याआधी काय घडले, मनात कोणते वाक्य आले, कुणाशी बोललो. आठवड्याअखेर ती पाने पुन्हा पाहिलीत तर काही गोष्टी आपोआप वर येतील. कदाचित बुधवारच्या बाजाराच्या आदल्या रात्रीच झोप लागत नसेल. कदाचित चिडचीड पोरांवर होत असेल आणि मूळ दूध डेअरीच्या कापलेल्या बिलात असेल. हे दिसले की प्रत्येक ताणापुढे एक प्रश्न लिहावा: याचे मी एकटा काही करू शकतो का, चौघांनी मिळून करायचे आहे का, की हे सरकारदरबारीच सुटणार आहे? माझ्या अनुभवात माणसे तिसऱ्या रकान्यातला भार पहिल्या रकान्यात टाकून स्वतःला दोष देत बसतात. रकाना बदलला तरी प्रश्न सुटत नाही, पण स्वतःवरचा राग उतरतो, आणि त्या रागाने अडवलेली ताकद मोकळी होते.

श्वासाचे म्हणाल तर तो या सगळ्याच्या आधीचा प्रथमोपचार आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यायचा. पाच-सात मिनिटे पुरतात. पहाटेच्या काकड्यात किंवा हरिपाठात लांबच लांब ओळ एका दमात म्हणणाऱ्यांना ही सवय नकळत लागलेली असते. झोपेची वेळ ठरावीक ठेवणे, अंधार पडल्यावर चहा टाळणे, दारूला झोपेचे औषध न समजणे, रोज घाम येईल एवढे चालणे, हेही त्यातच येते. शेतात राबणाऱ्याला चालायला सांगायची गरज नाही, दुकानात बसणाऱ्याला आहे.

एक सीमारेषा मात्र वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, जेवण-झोप-काम तिन्ही बिघडले, कशातच रस उरला नाही, किंवा जगणे नको असे वाटू लागले, तर तो रोजचा ताण राहिलेला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला उपचारांची गरज असलेला मानसिक विकार आढळला होता, आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा मराठीतही बोलते, चोवीस तास आणि विनामूल्य. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. आजार बळावून रस्त्यावर आलेल्या स्त्रियांसाठी डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान आपल्या जिल्ह्यातच काम करते. तिथवर पोहोचलेल्या प्रत्येकीच्या मागे, वेळेवर न ऐकल्या गेलेल्या तक्रारींची एक लांब वाट असते.

वाचनाचा क्रम विचाराल तर मी जामखेडपासून सुरुवात करायला सांगेन. आरोळे दांपत्याने आपल्या कामाबद्दल स्वतः लिहिले आहे. नंतर आझादांची किल्ल्यातली पत्रे, मग फडके आणि नाडकर्णी, आणि शेवटी सेल्ये, लाझारस, कारासेक. बहुतेक अभ्यासक्रम याच्या उलट जातात. पण आधी माणसे भेटली की सिद्धान्त अंगाला बसतात. जोडीला गी पॉत्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून गोळा केलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांतल्या थोड्या तरी ऐकाव्यात. दळताना दोघी समोरासमोर बसून जे बोलल्या, त्यात सासर, कष्ट, माहेरची ओढ आणि मुलांची काळजी यांची नोंद आहे.

आणि वाचून झाल्यावर, तुमच्यापैकी कुणाला पुढे काम करावेसे वाटले, तर प्रश्न दाराशीच आहेत. ऊसतोडीला आईबाप गेल्यावर पाथर्डी-शेवगावच्या वस्त्यांवर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या रात्री कशा जातात? दुधाचे दर घसरले की गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या झोपेवर काय परिणाम होतो? नगरच्या अभ्यासिकांतून पाच-पाच वर्षे परीक्षा देणारी मुले गावी गेल्यावर कुणाशी बोलतात? ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या आशाताई सगळ्यांचे ऐकतात. त्यांचे कोण ऐकते? यातला कोणताही एक प्रश्न घ्या, एक वही घ्या, आणि येत्या हंगामात चार घरी जाऊन बसा.